एचआयव्हीत स्प्लीन वाढलीय आणि रक्तातल्या सगळ्या पेशी घसरल्यात, तर स्प्लीन काढायची का?

ताई, तुमचा प्रश्न लांब आहे आणि घाबरून लिहिलाय हे कळतं, म्हणून आधी बाकीच्यांसाठी थोडक्यात मांडतो. तुमचे दीर, वय ३६, दीड महिन्यापासून ताप, वजन खूप उतरलं, तपासणीत एचआयव्ही निघाला, सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, फक्त ३८. हिमोग्लोबिन ६.९, पांढऱ्या पेशी १८००, प्लेटलेट ३४ हजार. सोनोग्राफीत स्प्लीन, म्हणजे आपली पाणथरी, १९ सेंटीमीटर आणि पोटात थोड्या गाठी. त्यावरून टीबीची औषधं सुरू झाली, बारा दिवस झाले, ताप उतरलेला नाही. एका डॉक्टरांनी ब्लड कॅन्सरची शंका बोलून दाखवली, दुसऱ्यांनी बोन मॅरो, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजाची टेस्ट सांगितली तर सासूबाई तयार नाहीत, आणि एका नातेवाईकांनी ओळखीच्या सर्जनला फोनवर विचारून सांगितलं की स्प्लीन काढली की प्लेटलेट आपोआप वाढतील. तुमचं विचारणं एवढंच, की काढायची का.

आत्ता नाही. आणि मॅरो टेस्ट उद्या करायची असेल तर आजच करा.

आता का ते सांगतो. मी इंदूरला मेडिसिन बघतो, एचआयव्हीचे पेशंट बऱ्याच वर्षांपासून बघतोय, २००४ साली सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, फुकट मिळायला लागली त्याच्याही आधीपासून. तुमच्या दिरांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे निदान इथे बसून देणार नाही, ते द्यायचंही नसतं. पण विचार कुठल्या रस्त्याने करायचा ते सांगू शकतो, म्हणजे उद्या राउंडला डॉक्टर आले की नेमकं काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

खरा प्रश्न स्प्लीनचा नाहीच. स्प्लीन का वाढली आणि मॅरोत काय चाललंय हा प्रश्न आहे, आणि तो सोडवल्याशिवाय स्प्लीन काढली तर जे जंतू तिथे बसलेत ते लिव्हरमधे, मॅरोत, गाठींमधे आहेतच, ते कुठे जाणार. वर पेशंट एवढा अशक्त असताना मोठं ऑपरेशन होईल ते वेगळंच.

रक्ताच्या तिन्ही पेशी एकदम कमी दिसल्या की मी तीन गोष्टी वेगळ्या करून बघतो. मॅरोत पेशी बनणंच कमी झालंय का, बनलेल्या पेशी वाढलेल्या स्प्लीनमधे अडकून बसल्यात का, की रक्तातच फुटताहेत. तब्येत चांगली असतानाही आपल्या प्लेटलेटपैकी साधारण एक तृतीयांश स्प्लीनमधे असतात, आणि ती खूप मोठी झाली की ९० टक्क्यांपर्यंत तिथेच अडकू शकतात, म्हणून तो सर्जन सगळं चूक बोलला असं मी म्हणणार नाही. पण एड्सच्या पेशंटमधे या तिन्ही गोष्टी बहुतेक वेळा एकत्र चालू असतात आणि शिवाय एचआयव्ही स्वतः मॅरोला दाबतो. रेटिक्युलोसाइट काउंट ही अगदी स्वस्त टेस्ट आहे, नव्या लाल पेशी किती येताहेत ते सांगते, ती तुमच्या रिपोर्टमधे मला कुठे दिसली नाही. ती मागा. सोबत एलडीएच आणि बिलिरुबिन, पेशी रक्तात फुटताहेत का ते त्यावरून कळतं.

दुसरी गोष्ट पेरिफेरल स्मिअर, एकदा झालाय तरी पुन्हा. मशीनचा सीबीसी नाही, काचेवर रक्त पसरवून पॅथॉलॉजिस्टने स्वतः मायक्रोस्कोपखाली बघायचं, आणि त्यांना कागदावर लिहून द्यायचं की पेशंट एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, सीडी४ ३८ आहे, स्प्लीन मोठी आहे, पेशींच्या आत काही दिसतंय का बघा. हे लिहिलं नाही तर गर्दीच्या लॅबमधे 'पॅनसायटोपेनिया', म्हणजे तिन्ही पेशी कमी, एवढं लिहून रिपोर्ट निघून जातो. हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी आहे, तिचे दोन ते चार मायक्रॉनचे बारीक गोल दाणे पांढऱ्या पेशींच्या आत दाटीवाटीने बसलेले दिसतात, प्रत्येकाभोवती एक रिकामी कडा. सॅम्युअल डार्लिंगने १९०५ च्या सुमाराला पनामात ते पहिल्यांदा बघितले तेव्हा त्याला ते काळा आजाराच्या परजीवीसारखेच वाटले होते, आणि आजही घाईत बघणाऱ्याचा गोंधळ होतो. काळा आजाराच्या परजीवीत, ज्याला एलडी बॉडी म्हणतात, गोल केंद्रकाशेजारी एक बारीक काडी असते, बुरशीत ती नसते. त्या काडीवर पुढची सगळी ट्रीटमेंट बदलते, म्हणून शांतपणे बघणारा माणूस हवा.

आता तुमच्या प्रश्नातली ती ओळ जी तुम्ही जाता जाता लिहिलीत. दीर ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोडाऊनवर चार वर्षं बिहारमधे मुझफ्फरपूरला होते. ताई, तुमच्या अख्ख्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ही ओळ, आणि तुम्ही लिहिलंय की हे कोणी विचारलंच नाही. मुझफ्फरपूरचा भाग काळा आजाराचा जुना पट्टा आहे. बिहार, झारखंड, बंगाल, पूर्व यूपी इथे वाळूमाशी चावून हा आजार होतो, आता केसेस खूप कमी झाल्यात, पण परजीवी शरीरात वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो आणि एचआयव्हीने प्रतिकारशक्ती घसरली की डोकं वर काढतो. ताप, मोठी स्प्लीन, तिन्ही पेशी कमी, वजन उतरणं, हे चित्र तंतोतंत बसतं. इंदूरच्या डॉक्टरच्या डोक्यात काळा आजार पटकन येत नाही कारण इथे तो रोजच्या ओपीडीत नाही. इथे मोठी स्प्लीन दिसली की मलेरिया, टायफॉइड, टीबी, लिव्हरचा आजार, आणि झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडचा पेशंट असेल तर सिकल सेल, असा विचार होतो आणि तो बरोबरच आहे. म्हणून मुझफ्फरपूर हे तुम्ही स्वतः सांगायचं, केस पेपरवर लिहून घ्यायला लावायचं.

यात एक मेख आहे. काळा आजारासाठी आरके-३९ नावाची पट्टीची टेस्ट असते, पंधरा-वीस मिनिटांत कळतं. पण ती अँटीबॉडी बघते, आणि सीडी४ ३८ असलेल्या शरीरात अँटीबॉडी पुरेशी बनेलच असं नाही. पॉझिटिव्ह आली तर बाकी चित्रासोबत तिला वजन आहे, निगेटिव्ह आली तर काळा आजार नाही असं म्हणता येत नाही. मग परजीवी प्रत्यक्ष दाखवावा लागतो. स्प्लीनमधे सुई घालून तपासणं जास्त नेमकं, पण ३४ हजार प्लेटलेटवर मी त्याला हो म्हणणार नाही, आत रक्तस्राव झाला तर जिवावर बेतेल. म्हणून मॅरो.

सासूबाईंना असं सांगा. ही टेस्ट पाठीच्या मणक्यातून होत नाही, पाणी काढण्याची टेस्ट ती वेगळी. पेशंटला कुशीवर झोपवून कमरेच्या मागच्या हाडावर जागा बधीर करतात, सुई आत गेल्यावर अर्धा चमचाभर रक्तासारखं ओढून घेतात, ओढताना क्षणभर कळ येते, मग हाडाचा एक बारीक तुकडा काढतात. हाड वरच असल्यामुळे दाबून धरता येतं, म्हणून प्लेटलेट कमी असतानाही ती करता येते, नंतर पेशंटला त्याच जागेवर पाठीने झोपवून ठेवतात म्हणजे दाब राहतो. यातून माणूस अधू होत नाही.

पण मॅरो 'केली' एवढ्याने भागत नाही, कशासाठी पाठवली हे त्याहून मोठं आहे. बऱ्याचदा अख्खा नमुना फॉर्मलिनच्या बाटलीत टाकून पॅथॉलॉजीला जातो, आणि फॉर्मलिनमधे गेलं की कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, संपलं, तिथे जिवंत काहीच उरत नाही. म्हणून सुई टोचायच्या आधीच ठरवायचं. थोडं काचांवर, त्यात एलडी बॉडी, टीबीचा आणि बुरशीचा स्टेन. थोडं सीबीनॅट या टीबीच्या झटपट टेस्टला. थोडं निर्जंतुक बाटलीत टीबी आणि फंगल कल्चरला, त्यात काहीही न मिसळता. तुकडा तेवढा फॉर्मलिनमधे. कॅन्सरच्या पेशी ओळखायला फ्लो सायटोमेट्रीही पाठवायला सांगा, कारण ज्या डॉक्टरांनी कॅन्सरची शंका घेतली तीही फालतू नाही, एचआयव्हीत लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, होतो आणि तो मॅरोत लपतो. एका सुईत सगळी उत्तरं मिळत असतील तर पेशंटला पुन्हा टोचायची वेळ येऊ नये.

टीबीबद्दल. औषधं बंद करू नका. सीडी४ इतका खाली असताना ताप आणि पोटात गाठी असल्या की आपल्याकडे टीबी पहिला, आणि तो सगळीकडे पसरलेला असेल तर बारा दिवसांत ताप न उतरणं यात नवल नाही. टीबीसाठी युरिनची लॅम टेस्ट झाली नसेल तर करून घ्या, लघवीत बघायची सोपी पट्टी आहे आणि नेमकी अशाच पेशंटमधे कामाची. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना विचारा की स्प्लीनमधे बारीक काळसर ठिपके दिसले का, कारण स्प्लीन सगळीकडे सारखी वाढलेली असणं आणि आत बारीक गळू असणं यात फरक आहे, ठिपके टीबीकडे झुकतात, जरी बुरशीतही दिसू शकतात. ब्लड कल्चर झालंय का तेही बघा, साल्मोनेला या टायफॉइडच्या गटातल्या जंतूचं इन्फेक्शन एड्समधे रक्तात पुन्हा पुन्हा येतं आणि स्प्लीनमधे गळू करतं.

आणि हे लक्षात ठेवा की सीडी४ एवढा कमी असताना एकच आजार सगळं समजावून देईल असं धरून चालायचं नाही. टीबी आणि काळा आजार, टीबी आणि हिस्टोप्लाझ्मा, अशा जोड्या खरंच असतात. एक सापडला म्हणून दुसऱ्याचा शोध थांबवला की पेशंट अर्धवट सुधारतो आणि मग सगळे म्हणतात औषध लागू पडत नाही. हिस्टोप्लाझ्मासाठी तोंडातले व्रण, चेहऱ्यावरचे बारीक फोड बघायचे, आणि कमी बीपी, कमी सोडियमही, कारण ही बुरशी अॅड्रिनल ग्रंथीत बसते. सुरुवात लायपोसोमल अॅम्फोटेरिसिनने आणि मग इट्राकोनाझोल वर्षभर, पण टीबीचं रिफाम्पिसिन चालू असताना इट्राकोनाझोल रक्तात टिकत नाही, तेव्हा औषधांचा मेळ एका जाणकाराने बसवायला लागतो. काळा आजार निघाला तर एचआयव्हीवाल्यांसाठी डब्ल्यूएचओच्या २०२२ च्या सूचनांमधे लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन आणि मिल्टेफोसिन दोन्ही एकत्र आहे. हा आजार पुन्हा उलटतो, म्हणून पुढे लक्ष ठेवावं लागतं. पाटण्याला आयसीएमआरचं राजेंद्र मेमोरियल रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, त्यांचं कामच काळा आजाराचं, तुमच्या डॉक्टरांनी तिथे बोलायला हरकत नाही.

औषधांचंही बघायचं. दिरांना को-ट्रायमोक्साझोल चालू असेल, त्याने पांढऱ्या पेशी थोड्या खाली येऊ शकतात, पण ते न्युमोनियापासून वाचवतंय, स्वतःच्या मनाने थांबवू नका. झिडोवुडीन आता एचआयव्हीच्या पहिल्या ओळीच्या औषधांत नाही पण जुन्या पेशंटमधे त्याने हिमोग्लोबिन पार खाली आलेलं मी बघितलंय. रेझिस्टंट टीबीचं लिनेझोलिड, सीएमव्ही या व्हायरसवरचं व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर, ही दोन्ही मॅरोला दाबतात. डॅप्सोन दिलं असेल तर आधी जी६पीडी बघायला हवं, ते एन्झाइम कमी असेल तर डॅप्सोनने लाल पेशी फुटतात.

आता दुर्मिळ पण घातक गोष्टी, कारण तुम्ही गूगल करून घाबरलात असं लिहिलंय. पहिली, एचएलएच. यात इन्फेक्शनने भडकलेल्या पेशी मॅरोतल्या स्वतःच्याच रक्तपेशी गिळायला लागतात. ताप हटत नाही, काउंट रोज घसरतात, फेरिटिन हे रक्तातलं प्रोटीन हजारोंत जातं, ट्रायग्लिसराइड चढतं, फायब्रिनोजेन उतरतं. नुसत्या जास्त फेरिटिनवर हे निदान होत नाही, टीबीत आणि हिस्टोप्लाझ्मातही ते वाढतं, पण १० हजारांच्या वर गेलं की मी सावध होतो. तुमच्याकडे फेरिटिन केलेलंच नाही, ते करा. स्टिरॉइड द्यायचं की नाही हा यातला सगळ्यात अवघड निर्णय, इन्फेक्शन न सापडता दिलं तर तेच भडकू शकतं, न देता थांबलो तर पेशंट हातचा जाऊ शकतो, आणि याचं सरळ उत्तर कुठल्या पुस्तकात नाही, बेडजवळ उभं राहूनच ठरतं. म्हणून तर मॅरो लवकर हवी.

दुसरी, टीटीपी, यात बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. प्लेटलेट कमी, स्मिअरमधे लाल पेशींचे तुकडे, एलडीएच खूप वर, पेशंट बडबडतो किंवा गोंधळतो. तिथे प्लेटलेट चढवत बसायचं नसतं, प्लाझ्मा एक्सचेंज लागतो. तुमच्या वर्णनात स्मिअरमधे तुकडे नाहीत असं लिहिलंय, त्यामुळे सध्या ही शंका कमी. तिसरी पार्व्होव्हायरस, त्यात मुख्यतः हिमोग्लोबिनच पडतं, रेटिक जवळजवळ शून्य, आणि इम्युनोग्लोब्युलिनने चांगला गुण येतो. दिरांच्या तिन्ही पेशी कमी आहेत म्हणून ते एकटं कारण वाटत नाही.

प्लेटलेट चढवण्याबद्दल लोक फार आग्रह धरतात. रक्तस्राव नसेल तर १० हजारांपर्यंत, ताप असेल तर २० हजारांपर्यंत बहुतेक डॉक्टर थांबतात, आणि स्प्लीन एवढी मोठी असताना चढवलेल्या प्लेटलेटही तिथेच जाऊन अडकतात, काउंट फारसा वाढत नाही. हिमोग्लोबिन ६.९ वर दम लागत असेल तर रक्त द्यावं. पपईच्या पानांचा रस बंद करा, त्याने उलट्या झाल्या की टीबीच्या गोळ्या बाहेर पडतात. आणि बकरीचं कच्चं दूध अजिबात नको. डेंग्यूच्या दिवसांत आपल्याकडे त्याच्यामागे लोक धावतात, पण कच्च्या दुधातून ब्रुसेला येतो, आणि ब्रुसेलासुद्धा ताप आणि मोठी स्प्लीनच देतो.

मग स्प्लीन कधी काढायची? ती फुटली आणि रक्तस्राव थांबत नाही तेव्हा. मोठं गळू औषधाने आणि सुईने काढूनही बसत नाही तेव्हा. कधी लिम्फोमाची शंका असून दुसरीकडून तुकडा मिळतच नसेल तेव्हा. टीबीची बारीक गळवं बहुतेक औषधानेच बसतात, आणि एचआयव्हीमुळे घसरलेल्या प्लेटलेट नुसत्या एआरटीनेही बऱ्याच जणांत वर येतात. स्प्लीन गेली की न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस, हिब या जंतूंशी लढायची ताकद कायमची कमी होते, आणि त्यासाठीच्या लसी सीडी४ ३८ असताना नीट लागतही नाहीत. अजून एक गोष्ट जी सर्जनला माहीत असेलच असं नाही. स्प्लीन काढल्यावर सीडी४ चा आकडा एकदम फुगतो, प्रतिकारशक्ती न सुधारताच. मग कोणीतरी तो आकडा बघून को-ट्रायमोक्साझोल बंद करतं. अशा पेशंटमधे सीडी४ ची टक्केवारी बघायची असते. वाढलेल्या स्प्लीनमधे उलटं, आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो, म्हणून आत्ताही टक्केवारी विचारून ठेवा.

एआरटी अजून सुरू नाही असं लिहिलंय. टीबीची औषधं सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत ती सुरू करतात, पण त्याआधी डोकेदुखी, मान कडक होणं असं काही नाही ना हे बघून, मेंदूच्या आवरणाचा टीबी असेल तर थांबतात. मेंदूत जाणाऱ्या एका बुरशीसाठीची क्रिप्टोकॉकल अँटीजेन टेस्टही झाली पाहिजे. रिफाम्पिसिनसोबत एआरटीतलं डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ द्यावं लागतं, एकच गोळी पुरत नाही, हे एआरटी सेंटरवाले बघतात पण तुम्हीही लक्ष ठेवा. सुरू केल्यावर काही आठवड्यांत ताप परत चढू शकतो, गाठी आणि स्प्लीन अजून वाढू शकतात, कारण जागी झालेली प्रतिकारशक्ती आता जंतूंवर तुटून पडते. त्या वेळी घाबरून एआरटी सोडणारे पेशंट मला फार वाईट अवस्थेत परत आलेले बघायला लागतात. सोडायची नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

एक सांगायचं राहिलं. नातेवाईकांनी सर्जनला फोन करून दिरांचा एचआयव्ही सांगून टाकला हे योग्य झालं नाही. २०१७ च्या कायद्याप्रमाणे कोणाला सांगायचं तो दिरांचा हक्क आहे, आणि एचआयव्ही आहे म्हणून कोणी तपासणी किंवा ऑपरेशन नाकारूही शकत नाही. कुठे अडवलं तर १०९७ वर फोन करा, नाको या सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची फुकट हेल्पलाइन आहे.

घरी किंवा वॉर्डात काय जपायचं: स्नायूत इंजेक्शन नको, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन नको, तापाला पॅरासिटामॉल. पोटाला मार लागू देऊ नका, डिस्चार्ज मिळाला तरी टू-व्हीलरवर मागे बसवून नेऊ नका. डाव्या बरगडीखाली अचानक जोरात दुखलं, दुखणं डाव्या खांद्यात गेलं, घाम फुटला, चक्कर आली, तर स्प्लीन फुटल्याची शंका धरून लगेच, रात्र असली तरी, सर्जन आणि रक्तपेढी दोन्ही असलेल्या हॉस्पिटलला न्या. हिरड्यांतून रक्त, काळी शी, बोलण्यात गोंधळ, हेही तसंच तातडीचं.

मॅरो झाली की नमुना कशाकशाला पाठवला ते इथेच लिहा, आणि स्मिअर, रेटिक, फेरिटिनचे आकडेही. मुझफ्फरपूरचं मात्र उद्या सकाळच्या राउंडलाच सांगा, रिपोर्टची वाट बघू नका.